लेक शाळेत जात नाही, समुपदेशनालाही यायला तयार नाही. आम्ही दोघंच गेलो तर काही उपयोग होतो का?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. मी कराडची. एका पतसंस्थेत कॅश काउंटरला असते. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जातो. घरात मी, सासूबाई आणि सातवीतली लेक.

जूनपासून लेक धड शाळेत गेलेली नाही. रविवारी संध्याकाळपासूनच सुरू होतं. जेवताना ताटातला भात नुसता इकडचा तिकडे करत बसते. सोमवारी अंघोळ होते, वेण्या होतात, डबा भरून होतो, आणि बुटात पाय घालायची वेळ आली की पोटात कळ. नाटक नाही, हे आधीच सांगते. चेहरा पांढराफटक पडतो, हात गार पडतात, एकदा तर पायरीवरच उलटी झाली. रिक्षावाले काका खाली हॉर्न देत राहतात. मग सासूबाई खिडकीतून "आज नाही येत हो ती" म्हणून सांगतात. रिक्षा वळली की अर्ध्या तासात पोट थांबतं. अकरा वाजता बाई आजीबरोबर मटार सोलत गप्पा मारत असतात!

सोनोग्राफी, रक्त, लघवी सगळं झालं. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, पोटात काही नाही, मनावर ताण आहे, त्या बाजूने दाखवा. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, पालीच्या खंडोबाला जाऊन आलो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, त्या दिवशी निदान पोटभर जेवली तरी.

शाळेत काय झालं विचारलं तर "काही नाही". वर्गशिक्षिका चांगल्या आहेत, कुणी चिडवतं असंही कानावर नाही. जवळची मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली, एवढंच. मला वाटतं गोष्ट वेगळीच आहे. एप्रिलमध्ये सासूबाईंना हार्ट अटॅक आला तेव्हा घरात ही एकटी होती. शेजारच्या काकांना हाक हिनेच मारली, मला फोन हिनेच केला. अँजिओप्लास्टी झाली, सासूबाई आता ठणठणीत आहेत. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणतो, काय धीराची पोर! पण ज्या दिवशी शाळेत जाते त्या दिवशी ऑफिसातल्या फोनवरून मला फोन: आजी बरी आहे ना? मी नोटा मोजता मोजता फोन घेते. परवा आजीचा आत्ताचा फोटो हवा म्हणाली, तर तोही घरून मागवून शिपायाच्या मोबाईलवर पाठवला. रात्री माझ्याजवळच झोपते.

आता मुद्दा. साताऱ्याला एका समुपदेशक मॅडमची वेळ घेतली होती. ही गाडीत बसेना. "मी वेडी आहे का? तुला जायचं तर तू जा." वेळ रद्द करायला फोन केला तर मॅडम म्हणतात, रद्द नका करू, तुम्ही आणि तिचे बाबा या, तिला आणायची गरज नाही. मला हे काही पचलेलं नाही. त्रास तिला आणि औषध आम्हाला? एका भेटीचे हजार रुपये आहेत. नवऱ्याला सुट्टी टाकावी लागेल. आणि दुसरीकडे शाळेचा तगादा, हजेरी भरत नाही, नाव कमी करावं लागेल.

कुणी असं केलंय का? मूल न नेता?

जुने_अण्णा

ताई, राग मानू नका. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. शाळेत नाही म्हटलं की वडील उचलून मास्तरांच्या पुढ्यात नेऊन टाकत. दोन दिवस रडायचो, तिसऱ्या दिवशी सुरळीत. तुम्ही रोज विचारता म्हणून ती रोज नाही म्हणते. घरात मटार सोलायला आणि गप्पा मारायला मिळाल्यावर शाळेत कोण जाईल? हजार रुपये घालवण्यापेक्षा आठवडाभर रजा काढा आणि स्वतः नेऊन सोडा.

लेथमास्तर

कोयनाकाठ ताई, आम्ही केलंय. मूल न नेता. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी अण्णांना. अण्णा, मुलाला घरी बसू देऊ नये, हे तुमचं शंभर टक्के बरोबर. जितकं घरी बसतं तितकं परत जाणं अवघड होतं. प्रश्न 'कसं' याचा आहे. पोर बारा वर्षांचं झालं की उचलून नेता येत नाही, आणि नेलं तरी दुपारी ऑफिसातून फोन येतोच.

माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. मुलाला पाचवीत असताना उलटीची भीती बसली. हसू नका, अशी भीती असते आणि ती अख्खं घर ताब्यात घेते. शाळेत डबा खायचा नाही. बसमध्ये बसायचं नाही. दिवसभर एकच प्रश्न, "बाबा, मला उलटी होणार नाही ना?" नाही रे बाळा, म्हटलं की पाच मिनिटं शांतता, पुन्हा तेच. मग सकाळी शाळेलाच नकार. समुपदेशकाकडे न्यायचं म्हटलं तर पलंगाखाली जाऊन बसला.

आमच्या मॅडमनीही हेच सांगितलं, तुम्ही दोघं या. पहिल्या भेटीत त्यांनी मुलाबद्दल फार विचारलंच नाही. दोघांच्या हातात एकेक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, त्याच्या भीतीमुळे घरातलं कोण काय वेगळं वागतंय ते लिहा. मी चार ओळी लिहिल्या आणि पेन ठेवलं. बायकोने दोन्ही बाजू भरून आणखी कागद मागितला. दूध आधी तिने हुंगून पाहायचं. त्याचं ताट वेगळं घासायचं. 'उलटी' हा शब्द घरात बंद. माझी आई खोकली की तिला गॅलरीत पाठवायचं. माझ्या खिशात कायम प्लॅस्टिकची पिशवी. घाट लागतो म्हणून कोकणातल्या घरी जाणं बंद. मी ते वाचत होतो आणि मला पहिल्यांदा दिसलं की त्या भीतीच्या पगारावर आम्ही सगळेच नोकरीला आहोत.

तुमच्या पोस्टमध्येही तो कागद अर्धा भरलेला आहे बघा. खिडकीतून सांगणारी आजी, नोटा मोजताना घेतलेला फोन, शिपायाच्या मोबाईलवरचा फोटो. दोष देत नाही. कुठली आई तो फोटो पाठवणार नाही?

मॅडमनी त्यातलं एकच उचललं, तो सारखा विचारायचा प्रश्न. बाकी सगळं तसंच चालू ठेवा म्हणाल्या. एक चिठ्ठी लिहून घेतली, दोघांच्या सहीची. मजकूर साधारण असा: "तुला खरंच खूप भीती वाटते, हे आम्हाला कळतं. ती तुला सोसता येईल अशीही आमची खात्री आहे. आत्तापर्यंत आम्ही त्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा पुन्हा देत आलो, त्याने भीती कमी झाली नाही. सोमवारपासून दिवसात एकदाच उत्तर देऊ." यात त्याने काय करायचं ते कुठेच नाही. सगळं आम्ही काय करणार तेच आहे. ती त्याला शनिवारी निवांत वेळी वाचून दाखवायची, शाळेच्या सकाळी नाही. लेथवरचा तुकडा तापलेला असताना माप घेऊ नये, हे मला वेगळं शिकवायची गरज नव्हती.

त्याने चिठ्ठी फाडली. फाडेल हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं, म्हणून दुसरी प्रत फ्रिजवर लावायला तयार होती.

पहिला आठवडा भयंकर. हेही सांगून ठेवलं होतं, की आधी वाढेल. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तोच प्रश्न विचारत राहायचा, आणि तोंडून उत्तर जाऊ नये म्हणून बायको मिक्सर चालू करायची. नारळ नसताना मिक्सर फिरलाय आमच्याकडे. बायकोच्या भावाला कामाला लावलं होतं, तीही मॅडमचीच सूचना. तो रोज रात्री फोन करून भाच्याला म्हणायचा, "आज जड गेलं म्हणे, तरी निभावलंस." उपदेश नाही, चौकशा नाहीत, एवढंच. मामाने म्हटलेलं मुलाला वेगळं लागतं.

मग हळूहळू बाकीच्या ओळी. शाळेचं टप्प्याटप्प्याने: आधी शाळा सुटल्यावर आवारात जाऊन यायचं, मग ग्रंथालयात एक तास, मग पहिले दोन तास वर्गात. वर्गशिक्षकांनी दाराजवळचा बाक दिला. दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडी पुन्हा बरीच मागे गेली, पुन्हा ग्रंथालयापासून सुरुवात.

गंमत पुढे आहे. काही आठवड्यांनी चिरंजीव म्हणाले, मलाही यायचंय त्या मॅडमकडे. का? तर आमची तक्रार करायला. "तुम्ही यांना काय शिकवता ते मला विचारायचंय." आला, तासभर तावातावाने बोलला, आणि पुढच्या वेळी स्वतःहून आला. त्यानंतर त्याचे स्वतःचे सेशन झाले. आता नववीत आहे. बाहेरचा वडापाव अजून खात नाही, पण एसटीने घाट उतरून आजोळी जातो.

हजार रुपये घाला, ताई.

खडूफळा

मी निवृत्त मुख्याध्यापक. शाळेच्या तगाद्यापुरतं लिहितो.

मुलगी सातवीत आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करून त्याच वर्गात ठेवायची मुभा मिळाली, शाळेतून काढायची नाही. तेव्हा "नाव कमी करू" असं तोंडी म्हणत असतील तर नम्रपणे सांगा, लेखी द्या. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. भांडू मात्र नका, पुढे याच शाळेकडून सहकार्य हवं आहे.

डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्याल तेव्हा एक काळजी घ्या. "पूर्ण विश्रांतीची गरज" असं लिहून आणू नका. आई-वडील हमखास तेच मागतात आणि मग मूल कायदेशीर घरी बसतं. "उपचार सुरू आहेत, टप्प्याटप्प्याने शाळेत येऊ द्यावे, पहिले काही दिवस अर्धा वेळ" असं लिहून घ्या. अर्जासोबत मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. ऑफिसातल्या फोनबद्दलही त्यात लिहा, नाहीतर तुम्ही घरून शिस्त लावाल आणि इकडे क्लार्क दयेपोटी दिवसातून चार वेळा फोन लावून देईल. आमच्या शाळेत मी स्वतः लावून द्यायचो. पोरगं रडत समोर उभं असलं की दुसरं सुचत नाही.

मनोली

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, काम मुलं आणि किशोरवयीनांबरोबरच. न भेटता निदान करणार नाही, पण काही गोष्टी लिहिते.

लेथमास्तरांनी सांगितलेली पद्धत मॅडमनी मनाने काढलेली नाही. अमेरिकेत येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी 'स्पेस' नावाची उपचारपद्धत तयार केली, त्यात फक्त आई-वडील येतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७ ते १४ वर्षांची, चिंतेच्या आजाराची १२४ मुलं होती. काही मुलांवर थेट सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलून करायची उपचारपद्धत) केली, बाकीच्यांच्या फक्त पालकांबरोबर काम केलं. पालकांचा गट मुलांच्या गटापेक्षा मागे पडला नाही. तुमच्या मॅडम याच वाटेने जात असतील असं दिसतं. विचारा, त्या सांगतील.

कोयनाकाठ, तुमच्या पोस्टमधली मला सर्वात महत्त्वाची वाटलेली ओळ शाळेबद्दलची नाही. आजी कोसळल्या तेव्हा ती एकटी होती. हिला शाळेची भीती आहे असं मला वाटत नाही, घर नजरेआड होण्याची वाटत असावी. 'धीराची पोर' म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं, त्यामुळे घाबरले होते हे म्हणायला तिला जागाच उरली नसेल. त्या दिवसाबद्दल तिच्याशी कुणी नीट बोललंय का? उकरून काढू नका, पण मॅडमना हे पहिल्याच भेटीत सांगा. आणि आजींनाही पुढे कधीतरी न्या. त्या बऱ्या आहेत हे तिला तुमच्या फोटोतून पटणार नाही, आणि खिडकी तर त्यांच्याच ताब्यात आहे.

पालकांपासून सुरुवात करणं सरसकट सगळ्यांना लागू नाही. शाळेत मारहाण, छळ किंवा लैंगिक त्रास होत असेल तर आधी तो थांबवायचा. मुलाची भीती तिथे खरी माहिती देत असते. वाचन-लेखनातली अडचण, नैराश्य, मोबाईलवरचा काही प्रकार, हेही तपासायला हवं. मैत्रीण तुकडी बदलून गेली याचीही जरा चौकशी करा. आणि मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, खाणं तोडलं असेल, तर 'ती येत नाही' म्हणून थांबू नका, थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच.

औषधाबद्दल कुणीतरी विचारेलच. २००८ मध्ये ४८८ मुलांवर झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात नुसत्या सीबीटीने सुमारे ६० टक्के मुलांना चांगला फरक पडला, नुसत्या सर्ट्रालिन या गोळीने सुमारे ५५, दोन्ही मिळून सुमारे ८१, आणि औषध नसलेल्या गोळीने सुमारे २४ टक्के. म्हणजे गोळी ही शेवटची पायरी नाही आणि पहिलीच असायला हवी असंही नाही. ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमडी झालेले डॉक्टर ठरवतात. मी औषध लिहून देऊ शकत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो नंबर बिनधास्त विचारा. समुपदेशक म्हणून पाटी लावायला मात्र आपल्याकडे फारशी आडकाठी नाही, म्हणून शिक्षण आणि मुलांबरोबरच्या कामाचा अनुभव विचारणं यात काही उर्मटपणा नाही.

पैशांचा प्रश्न असेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं, केसपेपर काढून दाखवता येतं. रांग लांब असते आणि वेळ कमी मिळतो, ते खरं आहे. पण निदान आणि प्रमाणपत्र तिथे होऊ शकतं.

पुढेमागे ती स्वतः यायला लागली की एक गोष्ट तिच्यासमोरच ठरवून घ्या: ती आत जे बोलेल ते शब्दशः तुम्हाला सांगितलं जाणार नाही. जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचार असेल तर सांगावंच लागतं, त्यातल्या दुसऱ्याची पोलिसांना खबर देणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. बाकी तिचं तिच्याकडे. बाहेर आल्यावर रिक्षात "काय विचारलं गं मॅडमनी?" हे टाळा. सर्वात अवघड तेच जातं, असा माझा अनुभव.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. लेथमास्तर, मिक्सरचं वाचून काउंटरवर एकटीच हसत होते.

सासूबाईंना रात्री सगळं वाचून दाखवलं. गप्प बसून ऐकलं, मग म्हणाल्या, "खिडकीतून सांगायला मला काय हौस आहे? तो रिक्षावाला हॉर्न थांबवत नाही." थोड्या वेळाने विचारलं, त्या मॅडम मला पण कागद देणार का. त्या दिवसाबद्दल त्यांनीही लेकीशी कधी विषय काढलेला नाही. तिला त्रास नको म्हणून त्या गप्प, आणि बहुतेक यांना त्रास नको म्हणून ती गप्प.

वेळ रद्द केलेली नाही. दोन शंका राहिल्यात. नवरा फक्त रविवारी असतो आणि मॅडम रविवारी बसत नाहीत. तो पुण्यातून व्हिडिओवर आला तर चालतं का? आणि आम्ही कुठे चाललोय ते लेकीला काय सांगायचं? बँकेच्या कामाला म्हणून जाऊ का?

मनोली

व्हिडिओ चालतो. पहिल्या भेटीला मात्र शक्य असेल तर त्यांनी एक दिवस रजा काढून यावं, कारण चिठ्ठीवर दोघांची सही लागणार आहे आणि त्यातलं एकही वाक्य त्यांना न पटलेलं असून चालणार नाही. पुढच्या वेळी ते ऑफिसातून इअरफोन लावून बसले तरी हरकत नाही. तुम्ही घरून जोडणार असाल तर लेक ऐकेल अशा ठिकाणी बसू नका.

लेथमास्तर

बँकेच्या कामाला अजिबात म्हणू नका, आई खोटं सांगून बाहेर जाते हे तिला कळलं तर दुपारचे फोन दुप्पट होतील. सरळ सांगा: "सकाळी तुझं पोट दुखतं तेव्हा आम्ही काय करावं ते आम्हाला कळत नाही, ते विचारायला चाललोय. तुला यायचं नाही, ठीक आहे. पाचपर्यंत परत येतो." आणि पाचला परत या. साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला थांबलात आणि सहा वाजले, तर पुढचं मला सांगावं लागायला नको.